उजनीचे पाणी आणि प्लवकांची साक्ष

चैत्र-वैशाखात उजनी जलाशयाचा काठ पाहणाऱ्याला दोन दृश्ये दिसतात. भिगवण आणि कुंभारगावच्या बाजूला उतरलेल्या पाण्यातील गाळपेरांवर रोहित पक्ष्यांचे थवे, चित्रबलाक, बगळे आणि त्यांना पाहण्यासाठी पुण्या-मुंबईहून आलेली मंडळी. हे झाले पहिले दृश्य. दुसरे दृश्य त्याच पाण्याचे आहे. वारा पडलेल्या सकाळी काठालगत हिरवा रंग ओतल्यासारखा थर साचलेला असतो. ओंजळीत घेतलेल्या पाण्यात बारीक हिरवे कण तरंगताना दिसतात आणि त्याला कुबट वास येतो. पहिले दृश्य छायाचित्रांतून सर्वत्र पोहोचले आहे. दुसऱ्याची बातमी पाणी अगदीच हिरवे झाले तरच होते. या दोन्ही दृश्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: पाण्यात विरघळलेली पोषकद्रव्ये आणि त्यांवर जगणारी, नुसत्या डोळ्यांना बहुधा न दिसणारी जीवसृष्टी. या सृष्टीला ‘प्लवक’ म्हणतात. जलाशयाच्या आरोग्याची सर्वांत प्रामाणिक नोंद कुठे होत असेल, तर ती याच प्लवकांत.

अखेरचे आणि सर्वांत मोठे धरण

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात भीमा नदीवर बांधलेले उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. यशवंतराव चव्हाण यांच्या स्मरणार्थ त्याच्या जलाशयाला ‘यशवंतसागर’ असे नाव देण्यात आले. धरणाची एकूण साठवण क्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट, म्हणजे ११७ टीएमसी अथवा ३३२ कोटी घनमीटर इतकी आहे. त्यापैकी सुमारे ५३.५ टीएमसी उपयुक्त साठा, तर सुमारे ६३.६ टीएमसी मृतसाठा. मृतसाठा उपयुक्त साठ्याहून मोठा असणे हे उजनीचे वैशिष्ट्य. म्हणूनच ‘धरण उणे पातळीत गेले’ ही भाषा सोलापूरकरांच्या अंगवळणी पडली आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात हा साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला होता. पाणी फार उतरले की इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे बुडालेले प्राचीन मंदिर उघडे पडते आणि ते पाहायला गर्दी लोटते.

भीमेच्या खोऱ्यातील धरणांच्या साखळीत उजनी अखेरचे आणि सर्वांत मोठे. त्याचे पाणलोट क्षेत्र १४ हजार ८०० चौरस किलोमीटरहून अधिक आहे. मात्र जलाशयाच्या परिसरात स्वतःचा पाऊस तुटपुंजा पडतो. धरण भरते ते सह्याद्रीच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाने. तो पाऊस आधी खडकवासला, पानशेत, वरसगाव, पवना, चासकमान, डिंभे अशा वरच्या धरणांत अडतो आणि ती भरल्यावर सोडलेले पाणी खाली उजनीत येते. पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांच्या सीमेवर पसरलेला हा जलाशय सोलापूर शहराची तहान भागवतो. कालवे आणि भीमा-सीना जोड कालव्याद्वारे तो हजारो हेक्टर शेती भिजवतो. पंढरपूरच्या आषाढी-कार्तिकी वारीसाठी चंद्रभागेत पाणी सोडले जाते तेही येथूनच.

आळंदी ते पंढरपूर: पाण्याची वाट

उजनीत येणाऱ्या पाण्याचा मार्ग नकाशावर एकदा नीट पाहायला हवा. देहू-आळंदीची इंद्रायणी तुळापूरला भीमेस मिळते. पवना दापोडीजवळ मुळेला मिळते. मुळा आणि मुठा पुण्यात संगमावर एकत्र येतात आणि ही मुळा-मुठा पुढे दौंड तालुक्यात भीमेत विसर्जित होते. घोड नदीचे पाणीही याच प्रवाहात येते. दौंड मागे पडले की नदीचा वेग मंदावू लागतो आणि जलाशयाचा फुगवटा सुरू होतो. धरणातून सोडलेले पाणी मग पंढरपूरला जाऊन चंद्रभागा होते. ज्ञानोबांची पालखी आळंदीहून निघून जेथे पोहोचते, तेथेच आळंदीचे पाणीही पोहोचते. फक्त त्याची वाट दोन महानगरांचे सांडपाणी सोबत घेऊन जाते.

पावसाळ्याचे चार महिने सोडले, तर या नद्यांना स्वतःचे असे पाणी फारसे उरत नाही. डोंगरातले स्वच्छ पाणी वरच्या धरणांत अडवले जाते, नळांनी घरोघरी जाते आणि वापरून झाल्यावर नदीत येते. त्यामुळे जानेवारी ते मे या काळात मुळा-मुठेच्या पात्रात जे वाहते, त्यातील मोठा भाग शहराने वापरून सोडलेलेच पाणी असते. त्यातील काही प्रक्रिया होऊन येते, काही तसेच. त्याला उसाच्या मळ्यांतून झिरपणाऱ्या खतांची आणि लहानमोठ्या गावांच्या नाल्यांची जोड मिळते.

सांडपाण्यातील घाण म्हटली की दुर्गंधी, प्लास्टिक आणि रोगजंतू डोळ्यांपुढे येतात. जलाशयाच्या दृष्टीने मात्र सर्वांत निर्णायक घटक रंगहीन आणि गंधहीन असतो. तो म्हणजे फॉस्फरस. त्याचा हिशेब अगदी साधा आहे. जलाशयातील पाण्यात एकूण फॉस्फरसचे प्रमाण लिटरला सरासरी ३५ मायक्रोग्रॅमच्या पुढे गेले की, आंतरराष्ट्रीय पातळीवर वापरल्या जाणाऱ्या वर्गवारीनुसार, तो अतिपोषित मानला जातो. काठोकाठ भरलेल्या उजनीला त्या पातळीवर नेण्यास सुमारे ११६ टन फॉस्फरस पुरेसा होतो. एका माणसाच्या शरीरातून दिवसाला सुमारे एक ग्रॅम फॉस्फरस बाहेर पडतो असे कमीत कमी धरले, आणि २०११ च्या जनगणनेनुसार पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांची सुमारे साडेअठ्ठेचाळीस लाख ही लोकसंख्या धरली, तरी दिवसाला पावणेपाच टनांहून थोडा अधिक तो भरतो. म्हणजे ११६ टनांचा हिशेब साडेतीन आठवड्यांत पुरा होतो. यातील काही भाग प्रक्रिया केंद्रांच्या गाळात राहतो, काही नदीच्या तळाशी बसतो, काही पुराबरोबर पुढे वाहून जातो हे खरे. पण साबणाच्या भुकटीतील फॉस्फेट, शेतातील खत आणि २०११ नंतर वाढलेली वस्ती या हिशेबात धरलेलीच नाही.

प्लवक म्हणजे काय?

पाण्यात तरंगत राहणाऱ्या, प्रवाहाविरुद्ध पोहण्याचे बळ नसलेल्या सर्व जीवांना मिळून प्लवक म्हणतात. ‘भटके’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘प्लँक्टन’ ही संज्ञा जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सेन यांनी १८८७ साली रूढ केली. प्लवकांचे दोन मुख्य गट पडतात. सूर्यप्रकाशात स्वतःचे अन्न तयार करणारे ते वनस्पतिप्लवक, आणि त्यांना खाऊन जगणारे ते प्राणिप्लवक.

गोड्या पाण्यातील वनस्पतिप्लवकांत चार गट महत्त्वाचे आहेत. सिनेडेस्मस, पेडिॲस्ट्रम, क्लोरेला यांसारखी हरित शैवाले. काचेसारख्या सिलिकेच्या नक्षीदार डबीत राहणारे नॅव्हिक्युला, निट्झशिया हे डायटम. सेंद्रिय घाणीच्या पाण्यात फोफावणारे युग्लिनासारखे जीव. आणि मायक्रोसिस्टिस, ॲनाबीना, ऑसिलेटोरिया ही नीलहरित शैवाले. शेवटच्या गटाला शैवाल म्हणण्याचा प्रघात असला, तरी ते खरे तर जिवाणू आहेत. प्राणिप्लवकांत ब्रॅकिओनस, केराटेला यांसारखे चक्रधारी सूक्ष्मजीव म्हणजे रोटिफर, डॅफ्निया व मॉयना यांसारख्या जलपिसवा आणि सायक्लॉप्ससारखे एकाक्ष कवचधारी यांचा समावेश होतो.

सायक्लॉप्स हे नाव महाराष्ट्राच्या जुन्या पिढीला निराळ्या संदर्भात ठाऊक असेल. पायऱ्यांच्या विहिरींतील पाण्यातून होणाऱ्या नारू रोगाचा प्रसार याच जीवामार्फत होत असे. पाणी दुपदरी फडक्याने गाळून प्यावे, हा त्या काळच्या प्रचाराचा गाभा होता, कारण सायक्लॉप्स फडक्यात अडकतो. भारत २००० साली नारूमुक्त घोषित झाला. डोळ्यांना जेमतेम दिसणारा एक प्लवक ओळखल्यामुळे एक रोग हद्दपार करता आला, असा या इतिहासाचा अर्थ आहे.

प्लवकांचा अभ्यास करण्याची साधने फार खर्चिक नाहीत. अतिशय बारीक विणीच्या जाळीतून मोजून पाणी गाळतात, नमुन्यात आयोडीनचे द्रावण वा फॉर्मॅलिन घालून तो टिकवतात आणि एक मिलिलिटर मावणाऱ्या आखीव काचपेटीत घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जीव ओळखून मोजतात. पाण्याचा नितळपणा मोजण्यासाठी दोरीला बांधलेली काळी-पांढरी तबकडी पाण्यात सोडतात आणि ती दिसेनाशी होण्याची खोली नोंदवतात. इटालियन खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेकी यांनी १८६५ मध्ये समुद्रात पांढरी तबकडी सोडून हा प्रयोग केला होता आणि आजही जगभरचे सरोवरशास्त्रज्ञ ‘सेकी तबकडी’च वापरतात. नितळ जलाशयात ती काही मीटरपर्यंत दिसते, तर शैवालांनी दाटलेल्या पाण्यात हातभर खोलीवरच दिसेनाशी होते.

जलाशयाचे वर्ष

प्लवकांचे जीवन ऋतुचक्राशी बांधलेले असते. जुलै-ऑगस्टमध्ये पुराचे गढूळ पाणी आले की प्रकाश आत शिरत नाही, नवे पाणी जुन्याला पातळ करते आणि प्लवकांची संख्या घटते. हा जलाशयाच्या विश्रांतीचा काळ. पण याच पुराबरोबर वर्षभराची खते, माती आणि नदीतळाशी बसलेला गाळही आत येतो. पाऊस ओसरला की गाळ खाली बसतो, पाणी निवळते आणि सोबत आणलेली पोषकद्रव्ये प्रकाशात सापडतात. हिवाळ्यात पृष्ठभाग थंड होऊन वरखालचे पाणी मिसळत राहते. या काळात डायटम आणि हरित शैवालांना बरे दिवस येतात. प्राणिप्लवकांना ती खाद्य म्हणून मानवतात आणि प्राणिप्लवकांवर माशांची पिल्ले पोसली जातात. निरोगी जलाशयाची अन्नसाखळी ती हीच.

फेब्रुवारीनंतर चित्र पालटते. ऊन वाढते, वरचा थर तापून हलका होतो आणि तळाच्या गार, जड पाण्यावर तरंगत राहतो. दोन्हींची देवघेव थांबते. वर मेलेले प्लवक तळाशी जाऊन कुजतात आणि तेथील ऑक्सिजन संपवतात. ऑक्सिजन असेपर्यंत तळाच्या गाळातील लोहाने फॉस्फरस बांधून ठेवलेला असतो. ऑक्सिजन संपताच ती गाठ सुटते आणि साठलेला फॉस्फरस पुन्हा पाण्यात येतो. त्याच्याबरोबर अमोनिया, मँगेनीज आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडही येतो. म्हणजे बाहेरून येणारे सांडपाणी उद्या थांबले, तरी तळाशी जमलेल्या ठेवीचे व्याज जलाशय अनेक वर्षे देत राहतो. उजनीचा मोठा मृतसाठा या दृष्टीने विचार करण्यासारखा आहे. उन्हाळ्यात पातळी उणे होत जाते, तेव्हा पाणी कमी उरते, उथळ होते, तापते आणि विरघळलेली द्रव्ये घट्ट होत जातात. नेमके तेच पाणी त्या दिवसांत पिण्यासाठी उचलावे लागते.

हिरव्या थराचा कर्ता

या परिस्थितीत सर्वांवर मात करतात ती नीलहरित शैवाले. त्यांचे यश तीन गोष्टींत आहे. एक, त्यांच्या पेशींत वायूने भरलेल्या सूक्ष्म पोकळ्या असतात. त्यामुळे त्यांना हवे तेव्हा वर येऊन प्रकाश घेता येतो आणि खाली जाऊन पोषकद्रव्ये मिळवता येतात. दोन, ॲनाबीनासारख्या काही जाती हवेतील नायट्रोजनही वापरू शकतात. पाण्यात तो कमी पडला तरी त्यांचे अडत नाही. तीन, मायक्रोसिस्टिसच्या बुळबुळीत वसाहती प्राणिप्लवकांना गिळता येत नाहीत आणि त्यांचे पोषणमूल्यही कमी असते. परिणामी खाणारा कोणी उरत नाही आणि त्यांची संख्या वाढतच जाते. रात्रभर वारा नसला की त्या पृष्ठभागावर येतात आणि सकाळच्या झुळकेने एका काठाला लोटल्या जाऊन तेथे दाट साय धरतात.

यात फॉस्फरसची भूमिका किती निर्णायक आहे, हे कॅनडातील एका प्रयोगाने दाखवून दिले. १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर यांनी ‘२२६’ क्रमांकाच्या छोट्या सरोवराचे पडदा लावून दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातला. दुसऱ्यात त्यांच्याबरोबर फॉस्फरसही. दुसरा भाग हिरवागार झाला, पहिला नितळ राहिला. विमानातून टिपलेल्या त्या छायाचित्राने अनेक देशांची धोरणे बदलली. युरोपीय संघाने २०१३ पासून घरगुती धुलाई भुकटीतील फॉस्फेटवर मर्यादा घातली.

पिण्याच्या पाण्यातील धोका

नीलहरित शैवालांचा प्रश्न रंग आणि वासापुरता नाही. त्यांपैकी काही ‘जिओस्मिन’ नावाचे द्रव्य तयार करतात. त्यानेच नळाच्या पाण्याला मातकट वास येतो. तो अप्रिय असला, तरी अपायकारक नसतो. अपाय होतो तो ‘मायक्रोसिस्टिन’ या विषाने. ते यकृतावर आघात करते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात दीर्घकाळासाठी लिटरला एक मायक्रोग्रॅम ही त्याची मर्यादा सुचवली आहे. १९९६ मध्ये ब्राझीलमधील कारुआरू शहरात डायलिसिससाठी वापरलेल्या पाण्यातून हे विष रक्तात गेल्याने पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील टोलेडो शहराच्या पाण्यात ते सापडले, तेव्हा सुमारे चार लाखांवर नागरिकांना नळाचे पाणी पिऊ नका, असे सांगावे लागले.

हे विष उकळून जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. शैवाल मारण्यासाठी मोरचूद टाकला किंवा शुद्धीकरण केंद्रात सुरुवातीलाच भरपूर क्लोरीन सोडला, तर पेशी फुटतात आणि आतले विष एकदम पाण्यात मोकळे होते. म्हणून अशा पाण्यातून प्रथम पेशी अखंड अवस्थेत वेगळ्या कराव्या लागतात. त्यानंतर सक्रिय कार्बन, ओझोन यांसारखे उपाय येतात. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पाणी कोणत्या खोलीवरून उचलावे हे रोज पाहून ठरवणे. प्रत्येक हिरवा थर विषारी असतोच असे नाही; एकाच जातीचे काही वाण विष बनवतात, काही बनवत नाहीत. नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाही आणि म्हणूनच प्रयोगशाळेतील तपासणीला पर्याय नाही.

मासे आणि पक्षी

उजनीच्या काठावरील हजारो कुटुंबांची चूल मासेमारीवर पेटते. त्यात धरणात जमीन गेलेली अनेक कुटुंबे आहेत. कटला हा मासा वरच्या थरातील प्राणिप्लवकांवर वाढतो, रोहू मधल्या थरात चरतो, तर मृगळ तळाशी. तिन्ही थरांत अन्न असेल तरच हे तिन्ही मासे जाळ्यात येतात. नीलहरित शैवालांनी अन्नसाखळी मधेच तोडली आणि तळाचा ऑक्सिजन संपला की ही विभागणी कोलमडते. मग टिकतो तो घाण पाणी सोसणारा आणि मिळेल ते खाणारा चिलापी, म्हणजे तिलापिया. भिगवणच्या मासळी बाजाराशी आज चिलापीचे नाव घट्ट जोडले गेले आहे. चव चांगली आणि मागणीही आहे. पण वाम, मरळ यांसारख्या नदीच्या जुन्या माशांची जागा बाहेरून आणलेल्या एका माशाने घ्यावी, ही पाण्याबद्दलची एक साक्षच आहे.

पक्ष्यांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. येथे येणारे मोठे रोहित पक्षी चोच उलटी धरून चिखलातील सूक्ष्म कवचधारी, कीटकांच्या अळ्या आणि बिया गाळून खातात. उतरत्या पाण्यातील उथळ गाळपेर आणि त्यातील मुबलक जीव यांमुळेच त्यांना उजनी मानवते. या मुबलकतेत पोषकद्रव्यांचा वाटा आहे, हे नाकारता येत नाही. म्हणूनच ‘पक्षी येतात, म्हणजे पाणी चांगले आहे’ हे विधान भाबडे ठरते. सुबत्ता आणि अतिरेक यांच्यामधली रेषा ओलांडली गेली की चिखलातील ऑक्सिजन संपून ते जीवही नाहीसे होतात.

मोजणीतील फट

पाण्याचे नियमित मापन होत असताना हे सारे वेळीच लक्षात का येत नाही, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर मोजमापाच्या पद्धतीत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीनुसार, नेहमीच्या शुद्धीकरणानंतर पिण्यास वापरावयाच्या पाण्याला ‘क’ वर्ग आहे. त्यात विद्राव्य ऑक्सिजन लिटरला किमान ४ मिलिग्रॅम, जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजे बीओडी, कमाल ३ मिलिग्रॅम, सामू ६ ते ९ आणि कोलिफॉर्म जंतूंची मर्यादा असे निकष आहेत. त्या यादीत फॉस्फरस नाही, शैवालांतील हरितद्रव्यही नाही.

याचा परिणाम असा होतो, की जलाशय आजारी असतानाही कागदावर निरोगी दिसू शकतो. उन्हाळ्यात ३० अंश तापमानाच्या पाण्यात ऑक्सिजन लिटरला साधारण सात-साडेसात मिलिग्रॅम मावतो. शैवालांनी दाटलेल्या पाण्यात भर दुपारी प्रकाशसंश्लेषणामुळे तो त्याहूनही वर जातो. सरकारी नमुने बहुधा कामकाजाच्या वेळेत, उजेडात घेतले जातात. त्या वेळी आकडा उत्तम येतो. सूर्य मावळला की तीच शैवाले श्वसनाने ऑक्सिजन वापरू लागतात आणि पहाटे पातळी तळाला जाते. मासे मरून तरंगतात ते बहुधा पहाटे, याचे कारण हेच. दाट शैवालामुळे दिवसा सामूही ९ च्या आसपास चढतो आणि पाण्यातील निरुपद्रवी अमोनियम माशांना मारक अशा मुक्त अमोनियात बदलतो.

प्लवकांची साक्ष येथे कामाला येते. रासायनिक नमुना त्या क्षणाचे सांगतो. प्लवकांचा समाज गेल्या काही आठवड्यांचे सांगतो. अमेरिकन शास्त्रज्ञ पामर यांनी १९६९ मध्ये सेंद्रिय प्रदूषण सोसणाऱ्या शैवालांना गुण देण्याची सोपी पद्धत सुचवली. युग्लिना आणि ऑसिलेटोरिया यांना प्रत्येकी ५, सिनेडेस्मस व क्लॅमिडोमोनास यांना ४, निट्झशिया, नॅव्हिक्युला आणि क्लोरेला यांना ३, असे ते गुण आहेत. नमुन्यातील प्रजातींच्या गुणांची बेरीज २० वा त्याहून अधिक झाली, तर प्रदूषण तीव्र समजावे. एक सूक्ष्मदर्शक आणि एक जाणकार डोळा एवढ्यावर हे काम होते. राज्यातील अनेक महाविद्यालयांचे प्राणिशास्त्र व वनस्पतिशास्त्र विभाग आपापल्या परिसरातील तलावांवर असा अभ्यास करत आले आहेत. तो बहुतांशी प्रबंधांतच राहतो. उपग्रहांच्या प्रतिमांवरून पृष्ठभागावरील हरितद्रव्याचा अंदाज घेण्याची सोयही आता उपलब्ध आहे.

उपाय वरच्या अंगाला

जलाशयातील हिरवा थर काढणे, जलपर्णी उपसणे, औषध फवारणे हे तात्पुरते उपाय आहेत. खरा उपाय पुण्याकडच्या अंगाला आहे. मुळा-मुठा नदी प्रदूषण नियंत्रणासाठी जपानच्या ‘जायका’ संस्थेच्या कर्जातून सुमारे ९९० कोटी रुपयांचा प्रकल्प २०१६ साली मार्गी लागला. ११ नवी मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे आणि ३९६ दशलक्ष लिटरची दैनंदिन वाढीव क्षमता असे त्याचे स्वरूप होते. प्रत्यक्ष कामाला वेग येण्यात मात्र बरीच वर्षे गेली. त्याच वर्षी राज्य शासनाने ‘नमामि चंद्रभागा’ अभियानही जाहीर केले होते.

केंद्रे उभी राहणे ही पहिली पायरी. नेहमीच्या जैविक प्रक्रियेने सांडपाण्यातील सेंद्रिय घाण बऱ्याच अंशी जाते, पण फॉस्फरसचा मोठा भाग तसाच पुढे जातो. तो काढण्यासाठी तुरटी वा लोहक्षारांची मात्रा किंवा त्यासाठीच आखलेली जैविक प्रक्रिया जोडावी लागते. याहून सरळ मार्ग म्हणजे प्रक्रिया केलेले पाणी नदीत न सोडता शेतीला देणे. तेथे हाच फॉस्फरस खत ठरतो. मुंढव्याजवळ मुळा-मुठेचे पाणी उचलून बेबी कालव्यात सोडण्याची योजना याच विचाराची. अर्थात पाणी नीट शुद्ध झालेले असेल तरच ती शेतकऱ्याच्या हिताची.

असा बदल शक्य आहे, याचा दाखला अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराजवळच्या वॉशिंग्टन सरोवराने दिला आहे. १९५० च्या दशकात तेथे नीलहरित शैवाले माजली होती आणि पुढे सेकी तबकडी मीटरभरातच दिसेनाशी होऊ लागली. प्राणिशास्त्रज्ञ एडमंडसन यांनी त्यामागील फॉस्फरसचा हिशेब नागरिकांपुढे मांडला. नागरिकांनी मतदानाने खर्चाला मान्यता दिली आणि १९६८ पर्यंत सरोवरात येणारे सांडपाणी पूर्णपणे वळवण्यात आले. काही वर्षांतच पाणी निवळले आणि १९७६ च्या सुमारास डॅफ्निया ही जलपिसू तेथे मोठ्या संख्येने परतली. शैवाले खाऊन तिने सरोवर आणखी नितळ केले. उजनी त्याहून उथळ, उष्ण आणि गाळाने भरलेला आहे. तेथे हा बदल इतक्या झटपट होणार नाही. पण दिशा तीच आहे.

महाराष्ट्रात धरणाची बातमी ‘किती टक्के भरले’ या प्रश्नाभोवती फिरते. साठा शंभर टक्के झाला की जलपूजन होते. पण पुण्यातील स्वयंपाकघरात उघडलेला नळ, सोलापुरात काही दिवसांआड भरली जाणारी घागर आणि आषाढीला चंद्रभागेत बुडी मारणारा वारकरी हे एकाच पाण्याने जोडलेले आहेत. त्या पाण्यात काय आहे, हे टक्केवारी सांगत नाही. लिटरभर पाणी गाळल्यावर जाळीत डायटम आणि डॅफ्निया सापडतात, की मायक्रोसिस्टिसचा हिरवा लगदा, यावरून ते कळते. पाणीसाठ्याच्या रोजच्या आकड्याशेजारी ही नोंदही छापली जाऊ लागली, तर वरच्या शहरांना आपण खाली काय पाठवतो, हे दिसू लागेल.